हाय-रेझ डिस्क की स्ट्रीमिंग? घरी गाणं ऐकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैफलीच्या मध्यंतरात चहाचा कप हातात पडला, की कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "अहो, ती एसएसीडी खरंच एवढी वेगळी ऐकू येते का हो?" (एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा वरच्या दर्जाची डिस्क.) रात्री तोच प्रश्न व्हॉट्सॲपवर फोटोसकट येतो. तीच तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांनी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढली आहेत. पुन्हापुन्हा येणारे प्रश्नच घेतलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे गुंता वाढत जातो.

१. हाय-रेझ म्हणजे नेमकं काय? सीडी त्यात धरतात का?

नाही. सीडीच्या वरचं ते हाय-रेझ. १९८२ साली जपानमध्ये सीडी विकायला आली तेव्हाचं माप आजही तेच आहे: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. एखादी वारंवारता पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त नमुने घ्यावे लागतात, आणि माणसाचा कान भर तारुण्यातसुद्धा २० किलोहर्ट्झच्या फारसा पुढे जात नाही. ४४.१ चा हिशोब तिथून आला. १६ बिटांमुळे सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. हाय-रेझ म्हणून विकतात ते बहुधा २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ असतं. हेडफोनच्या खोक्यावरचा तो सोनेरी-काळा शिक्का 'हे ४० किलोहर्ट्झपर्यंत चालतं' एवढंच सांगतो. ते वटवाघळाच्या उपयोगाचं. चाळिशी ओलांडलेल्या कानाला १५ किलोहर्ट्झच्या पुढे बहुधा शुकशुकाटच असतो.

२. एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ आणि ब्लू-रे ऑडिओ यांत फरक काय? माझ्या साध्या प्लेअरवर चालतील का?

एसएसीडी सोनी आणि फिलिप्सने १९९९ साली आणली. तिची तऱ्हाच वेगळी: १ बिटाचे नमुने, पण सेकंदाला २८ लाखांहून जास्त. या पद्धतीला डीएसडी म्हणतात. बहुतेक एसएसीडी 'हायब्रिड' असतात, म्हणजे एका थरावर साधी सीडी आणि दुसऱ्यावर डीएसडी. साध्या प्लेअरवर ती चालते, पण फक्त सीडीचा थर वाजतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला डीएसडीचा थर वाचताच येत नाही.

डीव्हीडी-ऑडिओ २००० च्या सुमारास आली आणि काही वर्षांतच मागे पडली. ब्लू-रे ऑडिओ कोणत्याही ब्लू-रे प्लेअरवर चालते. या तिघींत सर्वांत कमी कटकटीची तीच.

३. आणि स्ट्रीमिंगवर काय मिळतं? ३२० म्हणजे लॉसलेस ना?

नाही, ३२० म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटची दाबलेली फाइल. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात. ३२० च्या फाइलमध्ये त्यातले कानाला जाणवणार नाहीत असे भाग हिशोबाने काढून टाकलेले असतात. लॉसलेस म्हणजे काहीही न काढता, झिप फाइलसारखं घडी घालून पाठवलेलं. वाजताना बिट न् बिट परत मिळतो.

ॲपल म्युझिकवर जून २०२१ पासून १६ बिट ४४.१ पासून २४ बिट १९२ पर्यंत सगळं आहे, पण ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. स्पॉटिफायने २०२५ साली लॉसलेस आणलं, २४ बिट ४४.१ पर्यंत, भारतात तुमच्या प्लॅनमध्ये ते बसतं का ते बघून घ्या. यूट्यूब म्युझिक २५६ च्या वर जात नाही. डेटाचा अंदाज हवा असेल तर ॲपलच्याच आकड्यांनुसार तीन मिनिटांचं गाणं साध्या दर्जात ६ एमबी, लॉसलेसमध्ये ३६ आणि १९२ च्या हाय-रेझमध्ये १४५ एमबी होतं. मोबाइल डेटावर हाय-रेझ लावून रात्रभर ऐकणाऱ्यांनी सकाळी माझ्या नावाने ओरडू नये.

४. फिरवाफिरवी नको, सरळ सांगा: फरक ऐकू येतो का?

दाबलेल्या फाइल आणि लॉसलेसमध्ये कधीकधी येतो. १२८ ला टाळ्या, झांज, तानपुरा यांचा चिवडा होतो आणि तो कोणालाही कळतो. ३२० ला पोचलात की सरावलेल्या कानालाही जागा शोधून काढावी लागते.

सीडी आणि तिच्या वरचं, हा मात्र भांडणाचा विषय. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा थेट ऐकवायचा, एकदा मध्ये १६ बिट ४४.१ च्या दारातून काढून ऐकवायचा, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. त्यावर आक्षेप आला की वापरलेल्या काही डिस्कच मुळात खऱ्या हाय-रेझ नव्हत्या, आणि त्यात तथ्य होतं. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे साडेबारा हजारांवर निकाल एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. आधी सराव दिलेल्या लोकांत ते ६२ च्या आसपास गेलं.

म्हणजे काहीतरी आहे, पण ते इतकं बारीक की शोधायला शेकडो माणसं आणि हजारो चाचण्या लागल्या. "पडदा बाजूला सरकल्यासारखं झालं" असं कोणी म्हणालं तर त्याने ऐकलेला फरक खरा असतो. त्याचं कारण मात्र बहुधा पुढच्या प्रश्नात सापडतं.

५. पण माझी एसएसीडी स्ट्रीमिंगपेक्षा उघडउघड चांगली वाजते. मला भास होतोय का?

अजिबात नाही. तुम्ही बहुधा दोन वेगळी मास्टरिंग ऐकताय. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

ध्वनिमुद्रण झाल्यावर ते बाजारात जाण्याआधी मास्टरिंगवाला त्यावर शेवटचा हात फिरवतो. कुठला स्वर थोडा उचलायचा, आवाजाची चढउतार किती ठेवायची, एकूण पातळी कुठे नेऊन ठेवायची, हे तो ठरवतो. नव्वदच्या दशकापासून सगळ्यांना आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं. म्हणून बारीक जागा वर ओढल्या, मोठ्या जागा चेपल्या, आणि विलंबितातला श्वास गेला. एसएसीडी घेणारा गिऱ्हाईक मुठभर, चांगल्या सिस्टिमवर ऐकणारा. त्याच्यासाठी मास्टरिंग पुष्कळदा मोकळं ठेवलं जातं. तुमच्या कानाला सुखावतो तो हा मोकळेपणा. तोच मास्टर १६ बिटांत दिला असता तरी तो तितकाच जाणवला असता.

हायब्रिड डिस्कचे दोन थर सारखेच असतील असंही धरून चालू नका. पिंक फ्लॉइडच्या सर्वांत गाजलेल्या अल्बमची हायब्रिड एसएसीडी २००३ साली निघाली. तिची मोजमापं झाली तेव्हा सीडीचा थर जास्त चेपलेला निघाला. त्या डिस्कवर दोन थरांची तुलना करून 'डीएसडी श्रेष्ठ' म्हणणं म्हणजे एका घरच्या पुरणपोळीची दुसऱ्या घरच्या पुरणपोळीशी तुलना करून श्रेय ताटाला देणं.

उलटंही घडतं. स्ट्रीमिंगवर एकाच अल्बमच्या तीन-तीन आवृत्त्या असतात आणि सुरुवातीच्या सीडीवरून घेतलेली जुनी आवृत्ती नव्या 'रीमास्टर'पेक्षा मोकळी असू शकते. म्हणून अल्बम निवडताना आधी कोणत्या वर्षाची आवृत्ती आहे ते बघा, बिट नंतर मोजा.

६. घरच्या घरी प्रामाणिक तुलना कशी करायची?

पहिलं काम पातळी जुळवण्याचं. दोन आवाजांत अर्धा डेसिबल फरक असला तर कानाला तो 'मोठा' वाटतच नाही, 'चांगला' वाटतो. मी स्वतः जवळजवळ दोन वर्षं एका डिस्कचे गोडवे गात होतो. नंतर लक्षात आलं की ज्या ॲपशी तिची तुलना करत होतो, त्यात सगळी गाणी एका पातळीवर आणण्याची सोय चालू होती आणि गाणं पाच डेसिबल हळू वाजत होतं. ती सोय आधी बंद करा. उलट पुष्कळ प्लेअरवर एसएसीडीचा थर सीडीपेक्षा हळू वाजतो, तेही लक्षात असू द्या. फोनवरच्या मीटर ॲपने एकाच तुकड्याची अर्ध्या मिनिटाची सरासरी दोन्हीकडे घ्या. सोर्सवर एकच टेस्ट टोन वाजवता येत असेल तर स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा: २.०० आणि २.०२ व्होल्ट म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत.

दुसरं, बदल करणारा माणूस तुम्ही नसावा. भाच्याला बसवा, तुम्ही पाठ करा, १६ वेळा विचारा. १२ किंवा जास्त वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी असते. माझे ९ आले होते. भाचा अजून सांगत सुटतो.

फक्त फॉरमॅटच तपासायचा असेल तर डिस्क आणि ॲप दोन्ही बाजूला ठेवा. २४ बिट ९६ ची एक फाइल विकत घ्या, तीच डिदर लावून (बिट कमी करताना मिसळायची अगदी बारीक खरखर) १६ बिट ४४.१ ला उतरवा, आणि दोन्ही फूबार२००० या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरच्या एबीएक्स जोडणीत (नाव न दाखवता फाइल ओळखायला लावणारी सोय) घाला. मास्टर एकच असल्यामुळे प्रश्न ५ मधला गोंधळ उरत नाही.

७. ॲपमध्ये हाय-रेझ चालू केलंय, ब्लूटूथ स्पीकर जोडलाय. आता हाय-रेझ मिळतंय ना?

नाही. ब्लूटूथ बहुधा आवाज पुन्हा दाबतं. आयफोन एएसी नावाच्या दाबलेल्या रूपात पाठवतो. अँड्रॉइडवर एलडॅक ही पाठवण्याची पद्धत असेल तर ९९० किलोबिटपर्यंत जातं, पण तेही लॉसलेस नव्हे. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ऐकायला हे पुरेसं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्यावरून डिस्कशी तुलना करू नका.

८. वेगळा डॅक घ्यावा लागेल का?

डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा आवाज करणारं यंत्र. फोनमधून ४८ किलोहर्ट्झच्या वर जायचं असेल तर हो. आयफोनचा छोटा लाइटनिंग-हेडफोन अडॅप्टर २४ बिट ४८ पर्यंत देतो. अँड्रॉइड बऱ्याचदा सगळंच ४८ ला बदलून टाकतं. ते टाळायला यूएसबी डॅक आणि थेट त्याच्याशी बोलणारं ॲप लागतं. विंडोजवर प्लेअरमध्ये 'एक्स्क्लुझिव्ह मोड' शोधा. पण प्रश्न ४ वाचल्यावर ही धडपड करावीशी वाटते का, ते आधी ठरवा.

९. एसएसीडी प्लेअर ऑप्टिकल केबलने ॲम्पला जोडला. सीडी वाजते, एसएसीडी मुकी. प्लेअर बिघडला का?

प्लेअर ठणठणीत आहे. कॉपी होऊ नये म्हणून डीएसडीचा थर ऑप्टिकलमधून बाहेर सोडतच नाहीत. एचडीएमआय वापरा, नाहीतर प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या ॲनालॉग सॉकेटमधून न्या. या प्रश्नाचे फोटो मला सर्वांत जास्त येतात.

१०. बालगंधर्वांची जुनी पदं हाय-रेझमध्ये मिळाली तर घ्यावीत का?

घ्यावीत, पण १९२ च्या आकड्यासाठी नको. ७८ च्या तबकडीवर वरचे स्वर आठ-दहा किलोहर्ट्झच्या आसपास संपतात, आणि १९२५ च्या आधी, कर्ण्यात तोंड घालून गायचे त्या काळातल्या मुद्रणात तर त्याच्याही खूप खाली. पुढे उरते ती तबकडीची खरखर. ती २४ बिटांत टिपली तर खरखर फार सुंदर येते, एवढंच.

इथे फरक पडतो तो तबकडी कोणती घेतली, सुई कोणत्या मापाची लावली, वेग बरोबर होता का, यांनी. 'अठ्ठ्याहत्तर' म्हणवणाऱ्या सगळ्या तबकड्या ७८ वर फिरत नव्हत्या, आणि वेग चुकला की काळी दोनचा गायक काळी तीनमध्ये जातो. खरखर काढताना फार घासलं तर स्वराचा पदरही त्याच्याबरोबर जातो. चांगल्या हातून उतरवलेली ३२० ची फाइल वाईट हातून उतरवलेल्या १९२ पेक्षा मी कधीही घेईन.

११. शास्त्रीय संगीतासाठी तुम्ही काय ऐकून तपासता?

तानपुरा. जवारीतून निघणारे वरचे स्वर एकमेकांत सतत सरकत असतात, आणि फाइल दाबणाऱ्या कोडेकला (आवाज घडी घालणाऱ्या सॉफ्टवेअरला) असं न थांबणारं गुंतागुंतीचं काही आवडत नाही. कमी दर्जाच्या फाइलवर तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा वाटतो. त्यानंतर तबल्याची चाट: तिचा पहिला क्षण बोथट झाला तर फाइल तरी दाबलेली आहे किंवा मास्टर तरी.

आणखी एक, ज्याचा बिटांशी संबंध नाही. विलंबित आणि द्रुत दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात आणि मध्ये ॲप एक सेकंद गप्प राहतं, किंवा क्रॉसफेड चालू असेल तर एकाची शेपटी दुसऱ्यात घालतं. मला हे कुठल्याही ३२० पेक्षा जास्त खटकतं. सेटिंगमध्ये 'गॅपलेस' चालू, 'क्रॉसफेड' बंद.

१२. पाच स्पीकरची सिस्टिम आहे. मल्टिचॅनेलला डिस्क चांगली की स्ट्रीमिंग?

डिस्क, आणि इथे मी हातचं राखून बोलत नाही. एसएसीडीवर सहा चॅनेलपर्यंत डीएसडी असतं. ब्लू-रेवरचं ॲटमॉस (डॉल्बीचा चहूबाजूंनी ऐकू येणारा आवाज) डॉल्बी ट्रूएचडीत, म्हणजे लॉसलेस असतं. स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस ७६८ किलोबिटमध्ये दाबलेलं येतं. शिवाय एसएसीडीच्या काळातली पुष्कळ पाच चॅनेलची मिक्स स्ट्रीमिंगवर आलेलीच नाहीत. ती ऐकायची तर डिस्कच लागते.

१३. विकत घेतलेली फाइल खरंच हाय-रेझ आहे हे कसं ओळखायचं?

ऑडॅसिटी किंवा स्पेक या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये उघडून वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे याचं चित्र) बघा. ९६ च्या फाइलमध्ये बावीस किलोहर्ट्झच्या जरा वर सगळं सुरीने कापल्यासारखं संपत असेल, तर ती बहुधा ४४.१ वरून फुगवलेली आहे. सोळालाच कापलं असेल तर मूळ माल एमपी३ असण्याची दाट शक्यता. डीएसडीवरून केलेल्या फाइलमध्ये विसाच्या वर धुकं चढत गेलेलं दिसेल. ते संगीत नव्हे. डीएसडी आपली खरखर कानाच्या हद्दीबाहेर ढकलते, तिचा तो ढीग आहे. सूचना: जुन्या मुद्रणात वर काही नसणं हा गुन्हा नाही (प्रश्न १०).

१४. पन्नास हजार आहेत. प्लेअर घेऊ, डॅक घेऊ की केबल?

आधी पंखा बंद करून बघा. गंमत नाही. २४ बिटांची जादू शांततेच्या काठावर असते, आणि मे महिन्यातल्या दुपारी छताचा पंखा, खालची रिक्षा आणि शेजारचा मिक्सर मिळून तो काठ केव्हाच बुडवतात.

मग स्पीकर आणि खोली. दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर त्यांच्यात अडकून फुगतो. बायाँ एका जागी घुमतो आणि दोन फुटांवर सोफ्यावर नाहीसा होतो. बसायची जागा फूटभर सरकवून बघा, फुकट आहे. फरशी उघडी असेल तर जाड सतरंजी, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, खिडकीला जड पडदा. स्पीकर भिंतीपासून जमेल तितके पुढे. हे सगळं करून पैसे उरले तर स्पीकर. केबल अगदी शेवटी, आणि दुकानदार सांगतो त्याच्या एक दशांश किमतीची.

१५. वायफाय कमजोर असेल तर स्ट्रीमिंगचा आवाज खराब होतो का?

'ऑटो' दर्जा ठेवला असेल तर ॲप हळूच खालच्या दर्जावर जातं. दर्जा पक्का केला असेल तर गाणं एकतर जसंच्या तसं येतं, नाहीतर अडतं. 'ऑडिओफाइल राउटर' म्हणून विकलं जाणारं खोकं त्यात भर घालू शकत नाही.

१६. जपानमधून एसएसीडी प्लेअर मागवला तर चालेल?

एसएसीडीला रिजन कोड नसतो, त्यामुळे डिस्क चालतील. पण तिथली वीज १०० व्होल्टची आहे. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट लावलात तर धूर निघेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. दुरुस्तीला इथे सुटे भाग मिळतील का ते मागवण्याआधी विचारा. लेझर थकलेला जुना प्लेअर म्हणजे जड पेपरवेट.

१७. आम्ही रत्नागिरीला राहतो. पावसाळ्यात डिस्कवर बुरशीचे डाग पडतात. काय करायचं?

मऊ सुती कापड जरासं ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. गोलाकार ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि तो प्लेअरला भरून काढता येत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. छापील बाजू जपा, कारण सीडीवरचा चमकता थर तिच्या अगदी लगेच खाली असतो.

१८. मग डिस्क ठेवायच्या कशाला? देऊन टाकू का?

देऊ नका. एका आयात एसएसीडीच्या किमतीत स्ट्रीमिंगची वर्षाची वर्गणी निघते हे खरं, पण स्ट्रीमिंगवर ऐकलेलं आपलं नसतं. मार्च २०२३ मध्ये परवान्याचा करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एका झटक्यात गेली होती. शिवाय एखाद्या अल्बमचा जुना मास्टर काढून तिथे न सांगता नवा ठेवला जातो. प्रश्न ५ आठवा. माझी रीत अशी: नवं शोधायला स्ट्रीमिंग, आणि जे दहा वर्षांनी पुन्हा ऐकावंसं वाटेल ते डिस्कवर.

१९. तुम्ही सांगितलं तशी चाचणी केली. १६ पैकी १३ बरोबर आले. आता काय म्हणाल?

आधी विचारीन: फाइल बदलताना बारीक 'टक' असा आवाज येत होता का? डॅक नमुन्यांची गती बदलताना तसा आवाज करतात, आणि कान तेवढंच पकडतो. ४४.१ ची फाइल पुन्हा ९६ ला चढवून चाचणी घ्या, म्हणजे डॅकला गती बदलावी लागणार नाही. मग आवाजाची पातळी फार चढवली होती का, एखाद्या ट्रॅकच्या विरत जाणाऱ्या शेवटाशीच थांबून ऐकत होता का, तेही बघा. तिथे १६ बिटांची खरखर खरोखरच सापडते. हे सगळं तपासूनही १३ आले, तर फाइल घेऊन एका रविवारी सकाळी घरी या. भाच्याला बोलावतो, पंखा मी बंद करीन.